किंमत ठरवण्याआधी क्षण ठरवा : आयात जहाजे, त्यांवरचा साठा आणि सीमाशुल्क

परदेशी जहाज मुंबईच्या धक्क्याला लागते, माल उतरवते, नवा माल भरते आणि निघून जाते. उतरलेल्या प्रत्येक पेटीवर सीमाशुल्क खात्याची नजर असते. पण कोट्यवधी रुपयांच्या खुद्द जहाजावर कोणी शुल्क मागत नाही. तेच जहाज म्हातारे होऊन भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर चढते, तेव्हा मात्र त्याचे लोखंड, त्याच्या टाक्यांतले तेल, कोठारातले तांदूळ आणि कपाटातल्या दारूच्या बाटल्या या सगळ्यांची मोजदाद सुरू होते. जहाज तेच असते. कायद्याच्या दृष्टीने त्याची ओळख बदललेली असते. पहिल्या प्रसंगी ते वाहन होते, आता ते माल आहे.

आयात जहाजांच्या मूल्यांकनाचे बहुतेक वाद किमतीचे वाटतात. पण गेल्या काही दशकांतले निवाडे, परिपत्रके आणि बंदरांवरचा व्यवहार एकत्र पाहिला, की ध्यानात येते की भांडण आकड्याआधीच सुरू झालेले असते. जहाज वाहन राहिले नाही आणि माल झाले, तो क्षण कोणता? त्या क्षणी जहाजाचा भाग काय होता आणि जहाजावरचा साठा काय होता? ही दोन उत्तरे पक्की नसतील तर मूल्यांकनाचा कितीही चांगला नियम लंगडा पडतो.

कायद्याची चौकट

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये मालाच्या व्याख्येतच जहाजे, विमाने आणि इतर वाहने येतात. म्हणजे जहाज मुळात शुल्कपात्र आहे. तरीही परदेशी मालवाहू जहाज बंदरात आले म्हणून त्याचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, भरावे लागत नाही, कारण ते इथे राहायला आलेले नसते. कप्तान किंवा जहाजाचा एजंट आयात मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, सादर करतो आणि सोबत जहाजावरच्या साठ्याची यादीही देतो.

या साठ्याला बंदरावर सगळे 'शिप स्टोअर्स' म्हणतात. कायद्यातली त्याची व्याख्या ऐसपैस आहे. जहाजात वापरायच्या वस्तू, इंधन, सुटे भाग आणि लगेच बसवायची असोत वा नसोत अशी उपकरणे, सारे त्यात मोडते. अधिनियमाच्या कलम ८५ ते ९० मध्ये या साठ्याची व्यवस्था आहे आणि तिचा कणा आहे कलम ८७. जहाज जोवर 'परदेशगामी' आहे, तोवर त्यावरचा आयात साठा शुल्क न भरता जहाजावरच वापरता येतो. दारू आणि सिगारेटींच्या कोठाराला बंदरात असताना सील लागते ते याच सवलतीच्या रक्षणासाठी. साठा जहाजावर खर्च झाला तर शुल्कमुक्त, जमिनीवर उतरला तर आयात.

परदेशगामी कोणाला म्हणायचे हे कलम २(२१) सांगते. भारतीय बंदर आणि परदेशी बंदर यांच्यात माल वा प्रवासी नेणारे जहाज तर त्यात आहेच. शिवाय भारताच्या प्रादेशिक समुद्राबाहेर मासेमारी किंवा अन्य काम करणारे जहाजही आहे. 'अन्य काम' या दोन शब्दांवर पुढे मोठी लढाई झाली.

मूल्याचा पाया कलम १४ मध्ये आहे. या कलमाचे आजचे रूप १० ऑक्टोबर २००७ पासून लागू झाले आणि त्याच वेळी नवे मूल्यांकन नियमही आले. भारतात निर्यातीसाठी झालेल्या विक्रीत, आयातीच्या वेळी आणि ठिकाणी माल मिळावा म्हणून प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची असलेली किंमत म्हणजे व्यवहारमूल्य. विक्रेता-खरेदीदारांत नाते नसावे आणि किंमत हाच विचार असावा, या अटी आहेत. व्यवहारमूल्य मिळाले नाही किंवा नियम १२ खाली सकारण नाकारले गेले, तर सारख्या मालाची किंमत, मिळत्याजुळत्या मालाची किंमत, विक्रीवरून मागे काढलेली किंमत, उत्पादनखर्चावरून बांधलेली किंमत आणि शेवटी उरलेली वाजवी पद्धत, अशा पायऱ्या क्रमाने उतरायच्या असतात. खात्याला मनास येईल तेव्हा पायरी ओलांडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले.

भारतीय ताफ्यात येणारी जहाजे

भारताची स्वतःची जहाजे वाढावीत म्हणून सरकारने ११ ऑक्टोबर १९५८ च्या अधिसूचनेने महासागरगामी जहाजांना शुल्कमाफी दिली. तोडण्यासाठी आणलेली जहाजे मात्र त्यातून वगळली. सवलत घेऊन आलेले जहाज पुढे कधी तोडले गेले, तर ते तोडण्यासाठीच आयात केले आहे असे मानून शुल्क घ्यायचे, हेही तिथेच नमूद होते. नंतरच्या अधिसूचनांतही ही चौकट टिकली.

या सवलतीतून पहिला प्रश्न उभा राहिला तो गोव्यात. खनिज घेऊन मांडवी आणि झुआरीतून येणाऱ्या बार्जेसनी मुरगाव बंदरात मोठी जहाजे भरायची, अशी तिथली रीत. पण पूर्ण भरलेल्या महाकाय जहाजाला बंदरातले पाणी पुरत नसे. म्हणून काही भाग बंदरात भरून उरलेला भर समुद्रात घालायला ट्रान्सशिपर लागले. चौगुले कंपनीच्या 'मराठा ट्रान्सशिपर' या जहाजाला सवलत मिळावी का, असा वाद उभा राहिला. दूरदेशी फेऱ्या न करता मुरगावच्या तोंडाशी राबणारे जहाज महासागरगामी कसे, हा खात्याचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गोव्याच्या खनिज निर्यातीचा सारा डोलारा ज्या कामावर उभा होता, ते काम नजरेआड करून निव्वळ प्रवासाचे अंतर मोजणे न्यायाचे झाले नसते. जहाजाची ओळख त्याच्या खऱ्या कामावरून ठरवली, हे या निकालाचे मोल.

दुसरा प्रश्न थेट मूल्याचा होता. सवलतीत आलेले जहाज वीस वर्षे चालले आणि मग तोडायला काढले. शुल्क कोणत्या दिवसाच्या दराने आणि कोणत्या दिवसाच्या किमतीवर? आयातीच्या दिवशी ते धडधाकट, महागडे जहाज होते. तोडण्याच्या दिवशी ते लोखंडाचा ढीग आहे. जल्यान उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तोडण्याची तारीख निर्णायक मानली. दर आणि मूल्य दोन्ही त्या वेळचे. या निकालात तत्त्व दडलेले आहे : ओळख बदलते त्या क्षणी वस्तू जशी आहे, तशी तिची किंमत धरायची. या लेखातला पुढचा प्रत्येक प्रश्न याच तत्त्वाने सोडवता येतो असे माझे मत आहे.

वापरातली जुनी जहाजे, ड्रेजर किंवा टग आणताना वेगळी अडचण येते. खरेदी झाली असेल तर करार आणि चलन पाहता येते. भाडेकराराने आलेल्या जहाजाची मात्र विक्रीच झालेली नसते, म्हणून व्यवहारमूल्यच नसते. मग पुढच्या पायऱ्या उतराव्या लागतात. चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला, बांधणीचे वर्ष, घसारा आणि दुरुस्तीचा इतिहास यांवर मूल्य उभे राहते. इथे दोन प्रामाणिक माणसांचेही आकडे वेगळे येऊ शकतात. म्हणून आकड्याइतकेच तो कसा काढला हे लिहून ठेवणे महत्त्वाचे.

किनारी फेरी आणि तेलविहिरी

परदेशगामी जहाज एखादी फेरी मुंबई ते कोची अशी देशांतर्गत करायचे ठरवते, तेव्हा ते काही काळ परदेशगामी राहत नाही. त्याला किनारी फेरीसाठी रूपांतर करून घ्यावे लागते. त्या क्षणी कलम ८७ चे छत्र सरकते आणि फेरीत खर्च होणाऱ्या इंधनावर व साठ्यावर शुल्क लागते.

हे मूल्यांकन वाटते त्यापेक्षा अवघड आहे. जहाजावरचे तेल कोणी भारतात विकलेले नाही. ते सिंगापूर किंवा फुजैरा इथे जहाजात भरलेले असते. एकाच टाकीत दोन बंदरांचे, दोन भावांचे तेल मिसळलेले असू शकते. १ जानेवारी २०२० पासून जगभरच्या जहाजांना इंधनातील गंधक ०.५० टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. त्यामुळे कमी गंधकाचे तेल, जुने जड तेल आणि मरीन गॅस ऑइल यांच्या भावांत मोठी तफावत असते. सुदैवाने पुरावा जहाजावरच असतो. प्रत्येक भरणीची बंकर डिलिव्हरी नोट तीन वर्षे जहाजावर जपणे जहाजांच्या प्रदूषणावरील मारपोल कराराने बंधनकारक आहे. प्रमाण, प्रत, तारीख आणि बंदर सारे तिच्यावर असते. ती नोट आणि खरेदीचे चलन एकत्र ठेवले, तर अंदाजाला फारशी जागा राहत नाही.

परदेशगामी कोण, हाच प्रश्न तेलविहिरींवरही आला. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलखोदाईच्या रिगने तिथे तेल शोधले आणि देशाच्या तेलाच्या इतिहासाला वळण लागले. तिथल्या रिगवर लागणाऱ्या सुट्या भागांचा, तेलाचा आणि शिध्याचा प्रश्न कित्येक वर्षे रखडला. रिगमालकांचे म्हणणे सरळ होते. प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा. आमचे काम त्यापलीकडे चालते. व्याख्येतल्या 'अन्य कामा'त आम्ही बसतो. म्हणजे आम्ही परदेशगामी, आमचा साठा शुल्कमुक्त. खात्याचे उत्तर असे, की १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली काही निर्देशित क्षेत्रांना सीमाशुल्क अधिनियम लागू केलेला आहे, त्यामुळे त्या क्षेत्रापुरते तिथे भारतच आहे. अबान लॉइड चाइल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये खात्याचे म्हणणे मान्य केले. निर्देशित क्षेत्रात खोदकाम करणारी रिग परदेशगामी नाही. तिच्यावर नेलेल्या आयात साठ्यावर शुल्क लागते.

मुरगावचा ट्रान्सशिपर आणि बॉम्बे हायची रिग यांचे कायदे वेगळे, अधिसूचना वेगळ्या. तरी दोन्हीकडे न्यायालयाने आधी जागा आणि काम तपासले, मग शुल्काकडे वळले. क्रम तोच हवा.

तोडणीचे जहाज : किंमत कशाची?

मूल्यांकनाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग तोडणीच्या जहाजांचा आहे. मुंबईत दारूखान्याला जहाजे तोडण्याची जुनी परंपरा. १९८३ पासून अलंगने ते काम मोठ्या प्रमाणावर ओढून घेतले, कारण तिथल्या प्रचंड भरती-ओहोटीमुळे भरतीत जहाज किनाऱ्यावर चढते आणि ओहोटीत कोरडे पडते. ही जहाजे शुल्कसूचीत ८९०८ या स्वतंत्र शीर्षकाखाली येतात. २०१४ च्या अर्थसंकल्पात त्यांवरचे मूळ सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के केले गेले. त्यावर १८ टक्के एकात्मिक जीएसटी लागतो.

भाव ठरतो तो एलडीटीवर, म्हणजे माल, इंधन, पाणी, खलाशी आणि साठा वगळून खुद्द जहाजाच्या वजनावर. समजा, १०,००० एलडीटीच्या जहाजाचा भाव टनाला ५०० डॉलर ठरला. करार ५० लाख डॉलरचा झाला. २.५ टक्के दर धरला तर मूळ शुल्क १ लाख २५ हजार डॉलर. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक पेच आहे. वजन साठा वगळून मोजलेले असते आणि किंमत मात्र बहुधा जहाज जसे आहे तसे, त्यावर उरलेल्या सगळ्या वस्तूंसकट ठरते. मग ५० लाख डॉलर फक्त लोखंडाचे, की टाकीतल्या तेलाचे, केबिनमधल्या गाद्यांचे आणि भटारखान्यातल्या भांड्यांचेही?

किंमत सगळ्यासाठी एकच असेल तर तेलाचे व साठ्याचे मूल्य त्या रकमेतून वेगळे काढायला हवे. पूर्ण रकमेवर जहाजाचे शुल्क घ्यायचे आणि वर तेलाचे मूल्य नव्याने धरायचे, तर एकाच वस्तूवर दोनदा शुल्क बसते. उलट करारात उरलेल्या तेलाचे पैसे वेगळे ठरले असतील तर ते वेगळे धरलेच पाहिजेत. म्हणून करारपत्राचे वाचन हा या मूल्यांकनाचा गाभा आहे.

करारही एक नसतो. मूळ मालक जहाज विकतो ते बहुधा कॅश बायरला. तो रोख पैसे देऊन ते घेतो, कधी नाव आणि ध्वज बदलतो आणि अलंगच्या व्यापाऱ्याला विकतो. दोन विक्रींच्या दोन किमती. कलम १४ ची भाषा भारतात निर्यातीसाठी झालेल्या विक्रीची आहे, म्हणून अलंगच्या व्यापाऱ्याने दिलेली किंमत धरायची. ताबा परदेशी बंदरात दिला असेल तर तिथून इथवर आणण्याचा खर्चही मूल्यात यायला हवा. ताबा अलंगच्या नांगरतळावर असेल तर तो किमतीत आलेलाच असतो. उधारीच्या पतपत्रावरचे व्याजही तपासावे लागते. गॅट या जागतिक व्यापारकराराच्या मूल्यांकन समितीने १९८४ मध्ये घालून दिलेले तत्त्व असे, की लेखी वित्तकराराने ठरलेले आणि किमतीपासून वेगळे दाखवलेले व्याज मूल्यात धरायचे नाही. जिथे दोन्ही एकाच आकड्यात मिसळले आहेत, तिथे वाद अटळ.

भावही सरसकट नसतो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचे रसायनवाहू जहाज साध्या मालवाहू जहाजापेक्षा महाग जाते. जादा ब्राँझचा प्रोपेलर जहाजावर ठेवलेला असेल तर भाव चढतो. पर्यावरणाचे नियमही किमतीत उतरतात. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापर कायदा केला आणि त्याच विषयावरच्या हाँगकाँग कराराला संमती दिली; तो करार २६ जून २०२५ पासून अमलात आला. धोकादायक द्रव्यांची यादी आणि मान्यताप्राप्त तोडणी-यार्ड यांचा खर्च कोणी उचलायचा, यावर बोली खाली-वर होते. शेजारच्या जहाजाचा भाव जास्त होता एवढ्याने या जहाजाची जाहीर किंमत खोटी ठरत नाही.

तेल आणि साठा : जहाजाचा भाग की वेगळा माल?

केंद्रीय सीमाशुल्क मंडळाच्या ३ जुलै १९९६ च्या परिपत्रकाने इथे रेषा ओढण्याचा प्रयत्न केला. जहाजाच्या नेहमीच्या वापरातली हलती साधनसामग्री जहाजाबरोबर ८९०८ मध्ये. इंजिनात आणि यंत्रांत असलेले तेल जहाजाबरोबरच. बाकीचे तेल खनिज तेलांच्या प्रकरण २७ मध्ये. अन्नधान्य आणि इतर साठा आपापल्या शीर्षकाखाली.

कागदावर नेटकी दिसणारी ही रेषा जहाजात शिरताच धूसर होते. इंजिनरूममधली टाकी नळीने इंजिनाला जोडलेली असते. तिच्यातले तेल यंत्रातले की उरलेले? तळटाकीतले तेल पंपाने या टाकीत येते. काल ते एका वर्गात होते, आज दुसऱ्या. यावर आयातदार आणि खाते वर्षानुवर्षे भांडत आले. अपिलीय न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये नवयुग शिप ब्रेकिंग आणि इतरांच्या अपिलांत इंजिनरूमच्या टाक्यांतले तेल जहाजाबरोबरच वर्गीकृत करावे असा निर्णय दिला.

इथे नुसत्या शुल्काच्या फरकाचा प्रश्न नाही. हाय स्पीड डिझेलची आयात सर्वांना खुली नसून ती सरकारी व्यापारसंस्थांमार्फत व्हायची असते. टाकीतले तेल डिझेल ठरले तर आयात धोरणाचा भंग, जप्ती आणि दंड असे प्रसंग ओढवतात. जहाज स्वतःच्या यंत्रावर किनाऱ्याला चढवायचे तर टाक्यांत तेल असणारच. कोरड्या टाक्यांनी जहाज अलंगला येऊ शकत नाही. जे असल्यावाचून आयातच होत नाही, त्याला चोरट्या मालाच्या रांगेत बसवणे अन्याय्य आहे. मात्र जहाजाच्या नावाखाली गरजेपेक्षा कितीतरी जास्त तेल आणले गेले, तर खात्याने ते वेगळा माल म्हणून मोजलेच पाहिजे. शेवटच्या प्रवासाला आणि किनाऱ्यावर चढण्याला किती तेल लागते हे इंजिनाच्या नोंदींवरून काढता येते. तीच कसोटी रास्त आहे.

उरलेला साठा रकमेने लहान, पण कटकटीने मोठा. दारू आणि सिगारेटी यांवरचे दर चढे. औषधे, रंग, दोरखंड, गोठवलेले मांस यांचे प्रत्येकाचे शीर्षक वेगळे. त्याच वेळी जीवरक्षक होड्या, नांगर आणि फर्निचर जहाजाबरोबर जातात. अलंगच्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजांतल्या सोफ्यांपासून कपबशांपर्यंत सगळे विकले जाते. बाजारात वस्तू सुटी विकली गेली म्हणून ती आयातीच्या दिवशीही सुटी होती, असे ठरत नाही.

आता काय करायला हवे

कल्पित आकडे मूल्यात चढवण्याची सवय न्यायालयांनी याआधीही मोडली आहे. विप्रोच्या प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खरा उतराई खर्च माहीत असतानाही सरसकट १ टक्का धरण्याची तरतूद फेटाळली. मोहित मिनरल्सच्या २०२२ च्या निकालात, सीआयएफ (विमा व भाड्यासह) किमतीत सागरी भाडे आधीच आलेले असताना भारतीय आयातदाराकडून त्यावर वेगळा जीएसटी घेणे अमान्य झाले. खरा खर्च धरा आणि एकदाच धरा, हे या दोन निकालांचे सार. जहाजांना ते तंतोतंत लागू पडते.

यासाठी कायद्याची मोठी मोडतोड लागत नाही. जहाजाची ओळख बदलते त्या प्रत्येक वळणावर, मग ते किनारी फेरीचे असो, भारतीय नोंदणीचे असो, निर्देशित क्षेत्रात शिरण्याचे असो वा तोडणीचे, एकच स्थितीपत्रक करावे. त्यावर तारीख आणि वेळ असावी. टाकीनिहाय तेल मोजून त्याच्या बंकर नोटा जोडलेल्या असाव्यात. साठ्याची यादी असावी. आणि करारात किंमत कशाकशाची आहे याचा खुलासा असावा. कप्तान, आयातदार आणि सीमाशुल्क अधिकारी तिघांच्या सह्या त्यावर व्हाव्यात. ही बहुतेक कागदपत्रे आजही निघतात. पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर आणि एकमेकांशी न जुळणारी.

त्याबरोबर १९९६ च्या परिपत्रकाची जागा घेणारे नवे, सविस्तर मार्गदर्शन मंडळाने द्यावे. टाकीची जोडणी, तेलाचे प्रमाण आणि शेवटच्या प्रवासाची गरज या तीन कसोट्यांवर तेलाचे वर्गीकरण त्यात स्पष्ट असावे, आणि एकत्रित किमतीतून साठ्याचे मूल्य वजा करण्याची रीतही. ते मुंबई, मुरगाव आणि अलंगला सारखेच लागू व्हावे; बंदर बदलले म्हणून जहाजाचा कर बदलता कामा नये.

अनिश्चिततेची किंमत दोघेही मोजतात. व्यापाऱ्याचे भांडवल हमीपत्रांत अडकते आणि बोलीत तो दोन पावले मागे पडतो; सरकारचा महसूल अपिलांत गुंततो आणि अधिकाऱ्यांची वर्षे त्याच प्रश्नाच्या फेऱ्यांत जातात. जल्यान उद्योगने तीन दशकांपूर्वी वाट दाखवली आहे. वस्तूची ओळख बदलते तो क्षण नेमका धरा, त्या क्षणी ती जशी आहे तशी नोंदवा आणि मगच तिच्यावर किंमत लिहा. हा क्रम नियमांत उतरवणे मंडळाच्या हातात आहे, आणि त्यासाठी आणखी एका निकालाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.